धोक्याचा कर्ता

विजेच्या खांबावरील पत्र्याच्या पाटीवर कवटी आणि दोन हाडे यांच्या चित्राखाली आपल्याकडे बहुधा तीन शब्द असतात. हिंदीत ‘खतरा’, मराठीत ‘धोका’ आणि इंग्रजीत ‘डेंजर’. हे तिन्ही शब्द एकमेकांचे भाषांतर आहेत असे पाटी लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले असते आणि मराठी वाचकालाही त्यात काही वावगे दिसत नाही. परंतु रत्नागिरीच्या परिसरात ही पाटी वाचणारे सगळेच मराठी नसतात. हापूसच्या बागांच्या राखणीसाठी आणि मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून नेपाळी माणसे अनेक वर्षे येथे येत आहेत. बांधकामांवर हिंदी मुलखातून आलेले मजूर असतात. त्यांच्या बोलीत ‘धोका’ किंवा ‘धोखा’ म्हणजे फसवणूक. विजेच्या खांबावर ‘फसवणूक’ असे कोणी आणि का लिहून ठेवले, असा प्रश्न त्यांच्यापैकी एखाद्याला पडला तर तो अज्ञानाचा प्रश्न ठरत नाही. दोन शेजारी भाषांनी एकाच शब्दाचे दोन निरनिराळे उपयोग केले, त्यातून तो उद्भवलेला असतो.

गेली वीसहून अधिक वर्षे मी या जिल्ह्यात मराठी शिकवतो. पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांमध्ये अलीकडे एक प्रयोग वारंवार भेटतो: ‘नायकाने तिला धोका दिला’. नायकाने दगा दिला, असे विद्यार्थ्याला म्हणायचे असते. अशा ठिकाणी लाल शाईने ‘दगा’ लिहून समासात ‘हिंदी’ असा शेरा देण्याचा प्रघात आहे. हिंदी चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील मालिका यांनी मराठीतला एक चांगला शब्द नासवला, याविषयी अध्यापकवर्गात सहसा दुमत होत नाही. या प्रयोगामागे आक्रमण आहे हे मलाही मान्य आहे. परंतु आक्रमणाने काय आणले एवढेच पाहून थांबता येणार नाही. त्याने आपल्या भाषेतील कोणती रिकामी जागा दाखवून दिली, हेही तपासले पाहिजे.

प्रथम शब्दाचा व्यवहार पाहू. हिंदीच्या जुन्या कोशांत ‘धोखा’ या नोंदीखाली कपट, भ्रम, मृगजळासारखा भास हे अर्थ येतात आणि त्यांच्याच रांगेत अनिष्टाची शंका, जोखीम हेही अर्थ येतात. शेतात पाखरांना भिववण्यासाठी उभे केलेले बुजगावणे हाही या शब्दाचा एक जुना अर्थ आहे. बुजगावण्याचा अर्थ येथे उद्बोधक ठरतो. ते पाखरांना धोका सुचवते आणि तसे सुचवताना त्यांना फसवते. म्हणजे हे दोन्ही अर्थ मुळात एकाच अनुभवाचे दोन भाग होते. पुढे हिंदीने फसवणुकीचा अर्थ ठेवला आणि संकटासाठी अरबीतून आलेला ‘खतरा’ वापरला. मराठीने संकटाचा अर्थ ठेवला आणि फसवणुकीसाठी फारसीतून आलेला ‘दगा’ वापरला. गुजरातीत ‘धोखो’ म्हणजे मनाला लागून राहिलेली खंत. कालक्रमाने मांडले तर मराठी ‘धोका’ घटनेच्या आधी उभा असतो, हिंदी ‘धोखा’ ही स्वतःच घटना असते आणि गुजराती ‘धोखो’ घटना घडून गेल्यानंतर मागे उरतो.

मराठीत जुन्या अर्थाचा एक अवशेष टिकून आहे. ‘धोकेबाज’ माणूस म्हणजे धोकादायक माणूस नव्हे. तो फसवणारा माणूस. ‘बाज’ हा प्रत्यय कर्त्याला लागतो, म्हणून फसवणुकीचा अर्थ तेथे शिल्लक राहिला. जेथे कर्ता व्यक्त करावाच लागला तेथे मराठीने नकळत जुना अर्थ जपला आणि जेथे कर्ता नको होता तेथे नवा अर्थ रूढ केला. प्रस्तुत विवेचनाचा सगळा भार या निरीक्षणावर आहे.

‘धोका’ हा शब्द मराठीत कोणत्या क्रियापदांशी नांदतो ते पाहावे. धोका असतो, संभवतो, निर्माण होतो, वाढतो, टळतो. ही सारी क्रियापदे अकर्मक आहेत. धोका ढगासारखा येतो आणि ढगासारखाच जातो. ‘धोका पत्करला’ असे आपण म्हणतो. पण पत्करणारा तो सोसणारा असतो, करणारा नव्हे. हिंदीतील ‘देना’ आणि ‘खाना’ ही क्रियापदे याच्या अगदी उलट आहेत. धोखा देणारा कोणी असल्याशिवाय तो खाणारा असू शकत नाही. म्हणून ‘धोखा हुआ’ असे म्हणणाऱ्या हिंदी भाषकाला ‘किसने दिया?’ असा प्रश्न विचारता येतो आणि तो प्रश्न सुसंगत असतो. ‘धोका आहे’ या मराठी वाक्यावर ‘कोणी केला?’ असे विचारले तर विचारणाऱ्यालाच मराठी येत नाही असे वाटते.

मराठीला कर्ता सांगताच येत नाही, असे अर्थात मला म्हणायचे नाही. ‘त्याने प्रवाशांचे जीव धोक्यात घातले’ हे शुद्ध मराठी वाक्य आहे आणि त्यात कर्ता ठळक आहे. ‘पावसाने दगा दिला’, ‘हृदयाने दगा दिला’ असेही आपण सहज म्हणतो. म्हणजे ज्यांना हेतू नसतो अशा पावसाला आणि हृदयालादेखील आपली भाषा कर्तेपण बहाल करते. साधने भाषेत आहेत. प्रश्न असा आहे की, ती कोठे वापरली जातात आणि कोठे टाळली जातात.

ती कोठे टाळली जातात हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर शहरांतील जुन्या इमारतींवर सूचनाफलक लागतात. त्यांचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. सदर इमारत धोकादायक असल्याचे पहिल्या वाक्यात असते आणि दुर्घटना घडल्यास प्रशासन जबाबदार राहणार नाही, असे दुसऱ्या वाक्यात. वाचक पहिल्या वाक्याने सावध होतो. फलक लावणारा दुसऱ्या वाक्याने मोकळा होतो. या रचनेत ‘धोकादायक’ हे विशेषण दुहेरी काम करते. वरवर ते इमारतीचे वर्णन असते. प्रत्यक्षात ती दायित्वाच्या हस्तांतराची नोंद असते. ज्या क्षणी फलक लागतो त्या क्षणापासून आतला माणूस स्वतःच्या जबाबदारीवर राहू लागतो. तो पूर्वीही तेथेच राहत होता, भाडे भरत होता, गळके छप्पर दाखवत होता. त्या इतिहासाला फलकावर जागा नसते.

‘धोकादायक’ या समासावर शुद्धतावाद्यांचा जुना आक्षेप आहे. देशी शब्दाला संस्कृत उत्तरपद जोडले, हा तो आक्षेप. माझे कुतूहल वेगळे आहे. ‘दायक’ म्हणजे देणारा. सुखदायक, फलदायक, आरोग्यदायक या शब्दांत देण्याची क्रिया स्पष्ट आहे. म्हणजे ‘धोकादायक’ या शब्दातही ‘धोका देणारा’ हाच अर्थ शब्दशः आहे. ज्या वाक्प्रयोगाला आपण उत्तरपत्रिकेत हिंदी म्हणून खोडतो तोच संस्कृत वेषात सरकारी फलकावर मान्यता पावलेला आहे. फरक एवढाच की, उत्तरपत्रिकेत धोका देणारा माणूस असतो आणि फलकावर धोका देणारी वस्तू असते: इमारत, वळण, दरड, पाणी. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडी किंवा परशुराम घाटातील वळण धोकादायक असते. ते वळण कोणी आखले, डोंगर कोणी आणि किती उभा कापला, हे त्या शब्दाच्या कक्षेबाहेर राहते. ‘दरडप्रवण’ हा त्याच घरातला आणखी एक शब्द. संस्कृतात ‘प्रवण’ म्हणजे उतरते, कललेले. डोंगराचा कल सांगून झाला की, माणसाचा कल सांगण्याची गरज उरत नाही.

या भाषेशेजारी घरातली भाषा ठेवून पाहावी. माझ्या लहानपणी आमच्या घरात ‘धोका’ हा शब्द ऐकू आल्याचे आठवत नाही. पण धोक्याची जाणीव सतत होती आणि तिची स्वतःची एक शब्दयोजना होती. संध्याकाळनंतर सापाला साप म्हणायचे नाही, ‘जनावर’ म्हणायचे. दिवा विझवायचा नाही. तो शांत करायचा. बांगडी फुटत नाही, ती वाढते. नारळही फोडायचा नाही, वाढवायचा. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. चुकून कोणी ‘जातो’ म्हणाले तर आजी त्याला उंबऱ्यातच थांबवून पुन्हा ‘येतो’ म्हणायला लावी. ज्या रोगाने सबंध गावे ओस पाडली त्याचे नाव मराठीत ‘देवी’ असे आहे.

या प्रकाराला आपण समाजभाषाविज्ञानाच्या परिभाषेत निषिद्ध शब्द किंवा सौम्योक्ती म्हणून मोकळे होतो. परंतु या सौम्योक्तीच्या मुळाशी असलेली समजूत पाहण्यासारखी आहे. नाव घेतले तर ते ऐकेल, ऐकले तर येईल. म्हणजे धोक्याला कान आहेत, मर्जी आहे, राग आहे. घरातल्या भाषेत धोक्याला कर्ता होता, किंबहुना धोका स्वतःच कर्ता होता. म्हणूनच त्याच्याशी बोलता येत असे. कोकणातील गाऱ्हाणे हे त्याचेच सार्वजनिक रूप. गाऱ्हाणे घालणारा ग्रामदेवतेला उद्देशून बोलतो, गावावरची इडापिडा टाळण्याचे साकडे घालतो आणि जमलेली माणसे त्याला साथ देतात. ‘गाऱ्हाणे’ या शब्दाचा दुसरा अर्थ तक्रार असा आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. तक्रारीला ऐकणारा लागतो, आणि ऐकणाऱ्यावर ऐकल्याची जबाबदारी येते. या समजुतींचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. देवीच्या रोगाचे उच्चाटन लसीने झाले, गाऱ्हाण्याने नव्हे. नोंदवायचे ते एवढेच की, घरातल्या त्या अंधश्रद्ध भाषेत जी विचारण्याची सोय होती ती फलकाच्या शास्त्रशुद्ध भाषेत राहिली नाही.

शास्त्रशुद्ध भाषेचे मोलही येथेच सांगितले पाहिजे. या जिल्ह्यातील नद्यांच्या पाणीपातळीच्या बातम्या पावसाळ्यात रोज येतात आणि त्यांत दोन आकडे असतात: इशारा पातळी आणि धोका पातळी. खेडच्या जगबुडीसाठी हे आकडे अनुक्रमे ५ आणि ७ मीटर. चिपळूणच्या वाशिष्ठीसाठीही तेच. ‘जगबुडी’ या नदीचे नावच प्रलयाचा अर्थ देणारे आहे आणि तिच्या काठी शतकानुशतके माणसे दुकाने मांडून राहिली आहेत. नाव भय घालत नाही, कारण ते रोजच्या वापराचे झाले. आकडा मात्र दुकानदाराला माल वरच्या फळीवर हलवायला लावतो. ‘धोका’ या शब्दाला इतका काटेकोर अर्थ मराठीत दुसरीकडे क्वचितच मिळाला असेल. ६.९ मीटरवर इशारा, ७ मीटरवर धोका. समुद्रावरही असेच. बंदरात तीन नंबरचा बावटा लागला की, मिरकरवाड्याच्या खलाशाला वाऱ्याचे वर्णन ऐकावे लागत नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळाने या किनाऱ्यावरच्या नौकांची वाताहत केली. तेव्हापासून ‘फयान’ हे येथल्या बोलीत कालगणनेचे एक साधन झाले आहे. बावट्याच्या नंबराने वाचलेल्या जिवांची मोजदाद करता येत नाही, पण ते वाचले आहेत हे कोणीही नाकारणार नाही.

परंतु आकडा ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर देतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले आणि बाजारपेठ बुडाली, तेव्हा ओसरत्या पाण्याबरोबर लोकांच्या तोंडी जो प्रश्न आला तो ‘केव्हा’ हा नव्हता. कोयना प्रकल्पाचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते. त्या रात्री किती पाणी सोडले, कोणाच्या आदेशाने सोडले, आधी कळवले का, असा वाद पुढे पुष्कळ दिवस चालला. अतिवृष्टीचा वाटा किती आणि माणसाचा किती हे जलतज्ज्ञांनी ठरवावे. मला जाणवले ते असे की, त्या वादात लोक ज्या क्रियापदाकडे वळत होते ते ‘धोका निर्माण झाला’ मधले नव्हते. एका ओळखीच्या दुकानदाराने चिखल उपसता उपसता मला सांगितले, “धोका पातळी होती ती कागदावर. आम्हाला धोका दिला तो वेगळाच.” एकाच श्वासात त्याने हा शब्द दोन अर्थांनी वापरला आणि दोन्ही वेळा तो नेमका होता.

येथे मला वर्गात दरवर्षी शिकवावे लागणारे एक उदाहरण आठवते. गाथासप्तशतीतील एक गाथा आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात ध्वनीचे उदाहरण म्हणून घेतली आणि तेव्हापासून ती साहित्यशास्त्राची सामाईक मालमत्ता झाली. गोदावरीकाठच्या कुंजात एका स्त्रीचे संकेतस्थान आहे. एक धार्मिक गृहस्थ फुले तोडायला तेथे येऊ लागतो. तो कुत्र्याला भितो. ती त्याला सांगते की, आता खुशाल फिरावे, कारण त्या कुंजात राहणाऱ्या सिंहाने आज तो कुत्रा मारला. वाच्यार्थ परवानगीचा आहे, व्यंग्यार्थ निषेधाचा. वर्गात आपण येथवर शिकवतो आणि विधिरूप वाच्यातून निषेधरूप व्यंग्य कसे निघते ते फळ्यावर मांडतो.

‘धोका’ या शब्दाचा विचार करू लागल्यापासून ही गाथा मला निराळी दिसते. महाराष्ट्री प्राकृतातील या गाथेत धोक्याचे दोन्ही अर्थ एका बिंदूवर आले आहेत. सिंह हा मराठी अर्थाने धोका आहे. आणि तो सिंह बहुधा अस्तित्वातच नाही, म्हणून तो हिंदी अर्थानेही धोका आहे. सूचना आणि फसवणूक एकाच वाक्यात आहेत. महत्त्वाचे म्हणजे येथे धोका सांगणारी व्यक्ती आहे, तिला हेतू आहे, आणि रसिकाला तो हेतू कळल्याशिवाय गाथेचा अर्थच लागत नाही. धोक्याचे वाक्य कोण बोलते आहे हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ पुरा होत नाही, हा धडा आपल्या साहित्यशास्त्राने सहस्र वर्षांपूर्वी देऊन ठेवला आहे.

या गाथेवरचा पुढचा वाद आणखी उपयोगी आहे. महिमभट्टाचे म्हणणे असे की, येथे व्यंजना मानण्याचे कारण नाही. सिंह आहे यावरून ‘जाऊ नये’ हे अनुमानाने कळते. मम्मटाने काव्यप्रकाशात ते अनुमान सदोष ठरवले. भित्रा मनुष्यदेखील गुरूच्या किंवा धन्याच्या आज्ञेने, किंवा प्रियेच्या ओढीने, भयाच्या जागी जातोच. कुत्र्याला टाळणारा वीर सिंहाला भिईलच असे नाही. आणि गोदाकाठी सिंह आहे हे ना प्रत्यक्षाने कळले ना अनुमानाने. ते केवळ त्या स्त्रीच्या वचनाने कळले, आणि त्या वचनाला प्रामाण्य नाही. परीक्षेसाठी आपण हे हेत्वाभास पाठ करून घेतो. वस्तुतः धोक्याच्या सूचनेविषयीची ही एक परिपूर्ण मीमांसा आहे. ‘धोका आहे, म्हणून माणूस जाणार नाही’ हे अनुमान फलक लावणाऱ्याचे असते. मम्मट सांगतो की, माणूस जातो. धन्याची आज्ञा असते म्हणून खलाशी बावटा असताना नौकेवर चढतो, ठेकेदाराने सांगितले म्हणून मजूर दरडीखाली उभा राहतो, मुले घरात आहेत म्हणून बाई पाणी चढत असताना परत फिरते. मम्मटाचा तिसरा मुद्दा तर याहून बोचरा आहे: सांगणाऱ्याचे वचन प्रमाण मानावे असे त्याने पूर्वी काय केले आहे?

तिवऱ्याची घटना या तिसऱ्या मुद्द्यापाशी येते. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसे दगावली. धरणातून पाणी झिरपत असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या, हे तेव्हा सर्वत्र प्रसिद्ध झाले. फुटण्याच्या आधी या प्रकरणात जो शब्द वावरत होता तो ‘धोका’ नव्हता. तो ‘गळती’ होता. गळती ही दुरुस्तीची बाब असते, निविदेची बाब असते, ती थांबू शकते. फुटल्यानंतर शब्द बदलला आणि कर्त्याचा शोध सुरू झाला. तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी धरण खेकड्यांनी पोखरले, असे कारण सांगितले. त्यावर खेकडे पोलीस ठाण्यात नेऊन त्यांच्यावर गुन्हा नोंदवण्याची उपरोधिक मागणीही झाली. भाषेच्या अभ्यासकाने या प्रसंगाकडे निव्वळ राजकीय विनोद म्हणून पाहू नये. अकर्तृक वाक्य फार काळ पुरे पडत नाही, लोकांना कर्ता हवा असतो, हे कारण देणाऱ्यालाही कळले होते. त्याने कर्ता दिला, पण असा की ज्याला जाब विचारता येत नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान याने १९९१ साली जोखमीच्या समाजशास्त्रावरील ग्रंथात एक भेद मांडला, तो येथे नेमका लागू पडतो. संभाव्य हानी आपल्याच निर्णयातून येते असे मानले तर ती जोखीम. ती बाहेरून येते असे मानले तर तो धोका. एकच गोष्ट निर्णय घेणाऱ्याच्या दृष्टीने जोखीम असते आणि ज्याला ती भोगावी लागते त्याच्या दृष्टीने धोका. मराठीत हे दोन्ही शब्द तयार आहेत आणि आपण ते बरोबर या भेदाने वापरतो. जोखीम उचलली जाते, घेतली जाते; ती कोणाची तरी असते. धोका कोणाचाच नसतो. राजापूर तालुक्यातील जैतापूर येथे ६ अणुभट्ट्यांचा, ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प योजला गेला, तेव्हा प्रकल्पाच्या बाजूचे लोक जोखमीच्या प्रमाणाविषयी बोलत होते आणि माडबन, साखरी नाटे येथले लोक धोक्याविषयी. एप्रिल २०११ मध्ये त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार मृत्युमुखी पडला. दोन्ही बाजू एकाच प्रकल्पाविषयी बोलत असूनही संवाद होत नव्हता, याचे एक कारण हेही होते की, दोघांची संज्ञाच निराळी होती. जो जोखीम घेत होता तो धोक्याच्या जागी राहत नव्हता.

असे असेल तर ‘धोका दिला’ हा उत्तरपत्रिकेतला प्रयोग मी कसा वाचावा? तो हिंदीतून आला हे उघड आहे. ‘दगा’ या शब्दाची सूक्ष्मता तो बाजूला सारतो, हेही खरे. दगा देणारा ऐन वेळी पाठ फिरवतो. ती ऐनवेळेची छटा ‘धोका दिला’ मध्ये नाही. शब्दांची धार अशी बोथट होताना आपण नेहमीच पाहतो. येथल्या मुलांच्या तोंडी ‘खतरनाक’ हा आता प्रशंसेचा शब्द आहे. एकांकिका चांगली झाली की ती ‘खतरनाक’ होते आणि कोणाला भय वाटत नाही. तेव्हा प्रत्येक बदलाचे स्वागत करावे असे मी म्हणणार नाही. ‘दगा’ हा शब्द मी वर्गात आग्रहाने शिकवतो.

पण ‘धोका दिला’ मी खोडत नाही. चिपळूणच्या त्या दुकानदाराच्या वाक्यात ‘दगा’ बसला नसता. दगा देणाऱ्यावर आधी विश्वास टाकलेला असावा लागतो, नाते असावे लागते. दुकानदाराला म्हणायचे होते ते असे की, जो धोका पाण्याचा म्हणून सांगण्यात आला तो कोणी तरी दिलेला होता. ‘धोका’ या शब्दातून मराठीने केव्हा तरी वगळलेला कर्ता त्या वाक्यात परत येऊन बसला. शब्द हिंदीचा, गरज मात्र अस्सल येथली.

याचा आपल्या अभ्यासाशी संबंध आहे, असे मला वाटते. प्रयोगांचा विचार आपण व्याकरणाच्या तासाला करतो आणि ध्वनीचा काव्यशास्त्राच्या तासाला. सूचनाफलक, पूरपातळीची बातमी आणि चौकशी अहवाल या लेखनाला आपण वाङ्मयाच्या हद्दीत घेत नाही. मागील वर्षी पदव्युत्तर वर्गाला मी एक साधा स्वाध्याय दिला. आपापल्या गावातला ‘धोका’ हा शब्द असलेला एक फलक उतरवून आणावा आणि ते वाक्य ‘कोणी कोणाला धोक्यात घातले’ या रचनेत पुन्हा लिहावे. समुद्रात पोहणे धोकादायक आहे, अशा काही फलकांचे रूपांतर होईना. तेथे समुद्रच कर्ता निघाला आणि ते योग्यच होते. काही फलकांचे रूपांतर मात्र एका ओळीत झाले. कर्ता लिहिताना एका विद्यार्थिनीने विचारले की, नाव लिहिले तर चालेल का. तिच्या गावातल्या साकवाचा फलक होता, आणि साकव कोणी बांधला हे गावात सर्वांना ठाऊक होते. तिने नाव न लिहिता ती जागा रिकामी ठेवली आणि खाली रेघ ओढली. गुण देताना मी ती रेघ उत्तरात धरली.